तिसऱ्यांदा विचारायचं राहून जातं

आमच्या बारामती-इंदापूर भागात माणूस खाटेवर तळमळत असला तरी ‘बरं हाय’ म्हणतो. त्यात खोटेपणा नसतो. एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात कुणीही कुणाला ‘बरं हाय का?’ विचारतं आणि समोरचा ‘बरं हाय’ म्हणून पुढे जातो. कुणी थांबून खरोखरच गुडघ्याचं आणि थोरल्या सुनेचं सांगायला लागला, तर विचारणाऱ्याचीच पंचाईत. मग दवाखान्यात पांढऱ्या साडीतली बाई खाटेपाशी येऊन तेच विचारते, तेव्हा पेशंट सवयीने नमस्काराला नमस्कार करावा तसं ‘बरं हाय’ म्हणतो. नर्सने ते खरं मानून कागदावर ‘पेशंट बरा’ असं लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली, की घोटाळा झालाच म्हणून समजा.

ओळखीच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी दवाखान्यातले किस्से मागितले तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. हसू येईल असं लिहा, म्हणाले. हसू येणारं पुष्कळ आहे माझ्याकडे, पण ते सांगायला बसलं की लीलासिस्टर आठवतात. आमच्या दवाखान्यातली सगळ्यात चांगली नर्स कोण, असं शिपायापासून डॉक्टरांपर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी त्यांचंच नाव आलं असतं. त्यांना कुणी कामावरून काढलं नाही की घरच्यांनी बसवलं नाही. तरी पन्नाशीच्या आतच एके दिवशी त्या घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. ते का झालं, एवढंच मला सांगता येण्यासारखं आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आधी इंदापूरला सरकारी दवाखान्यात तात्पुरत्या ऑर्डरवर नर्स होते. ऑर्डर संपली की घरी, पुन्हा निघाली की हजर. त्या लपंडावाला कंटाळून बारामतीत एका खासगी दवाखान्यात लागले. आता तिथे कपड्यांचं दुकान आहे. आमचे डॉक्टर सर्जन होते, हाताला गुण आणि जीभ तिखट. लीलासिस्टर तिथे माझ्या आधीपासून होत्या. निमगाव केतकीहून रोज एसटीने येऊन-जाऊन करायच्या. घरात बुद्धाची तसबीर लागली तेव्हा त्या पाळण्यात होत्या, आणि त्यांच्या वस्तीतून नर्स झालेली पहिली मुलगी त्याच. उंच, सावळ्या, केस तेल लावून चापून बसवलेले. चालायला लागल्या की मागून जाणाऱ्याला धाप लागायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धडा दिला. मी एका म्हाताऱ्याला कसं वाटतंय ते विचारलं, तो ‘बरं हाय’ म्हणाला, आणि मी निघाले. त्यांनी माझा दंड धरून मला परत खाटेपाशी उभं केलं.

“शोभे, पहिलं ‘बरं’ पाहुण्याला दिल्यालं असतंय. दुसरं बाजूला बसलेल्या लेकानं ऐकावं म्हणून असतंय. तिसरं आपलं. ते येईस्तोवर खाटंपास्नं हालायचं न्हाय.”

आता एकच प्रश्न लागोपाठ तीनदा विचारला तर पेशंट म्हणेल बाईला ऐकू येत नाही. म्हणून त्यांची एक रीत होती. एकदा विचारायचं, मग चादर नीट करायची. सलाइनची नळी सरळ करायची, ऊस तुटला का, गाय व्याली का, अशी चौकशी करायची. मग पुन्हा विचारायचं. मग कपाळाला, पायाला हात लावायचा, त्या हातानेच ताप, घाम, गारठा सगळं पाहून घ्यायचं आणि जाता जाता परत विचारायचं. तिसऱ्यांदा माणूस खरं बोलतो. निमगावच्याच एका तात्यांनी दोनदा ‘बरं हाय’ म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं, की छातीवर मगापासून कुणीतरी बसलंय, पर त्याचं काय न्हाय, उठंल आपसूक. तात्यांचा हार्टअटॅक चालू होता. ते वाचले आणि पुढे बाजाराच्या दिवशी लीलासिस्टरांना गाठून भाजी द्यायचे.

एक आबा तर असे, की त्यांना लीलासिस्टरांच्या हातचं पाणी नको असायचं. कारण बोलून दाखवायचे नाहीत. तहान न्हाय, एवढंच म्हणायचे. उसाचा मोठा बागायतदार माणूस, ओठ पार सुकलेले. सिस्टरांना कारण न कळायला काय झालं! मी चिडले, पण त्या चिडल्या नाहीत. दर वेळी तांब्या जवळ ठेवायच्या, विचारायच्या आणि आबांच्या समोरच स्टुलावर बसून स्वतः गटागटा पाणी प्यायच्या. शेवटी आबाच म्हणाले, “बाई, सगळं तुमीच पिताय व्हय, आमाला ठेवा की जरा.” पुढे डिस्चार्जच्या दिवशी ते गोळ्यासुद्धा लीलासिस्टरांच्याच हातून घ्यायला अडून बसले होते. अशा वेळी ही बाई गालातल्या गालात हसायची आणि मला वाटायचं, नर्स व्हावं तर असं.

बाहेरच्या माणसाला नर्स म्हणजे इंजेक्शन वाटतं. इंजेक्शन हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंडला येतात. मधला सगळा वेळ पेशंट आमच्या डोळ्यांवर सोडलेला असतो. पेशंट एकदम बिघडत नाही. आधी तो जरा गप्प होतो, जरा पांघरूण ओढून घेतो, आणलेला चहा तसाच ठेवतो. हे ज्याला दिसलं त्याला नर्स म्हणायचं. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेचं सांगून जाते, त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणायचो. लीलासिस्टरांचा ओव्हर ऐकत राहावा असा असायचा. कुठला पेशंट रात्री रडला, कुणाची बायको जेवली नाही, कोण घरी जायच्या घाईने दुखणं लपवतोय, सगळं त्यात यायचं.

मग आमच्यातल्या दोघी मुलींना सरकारी ऑर्डर आल्या. त्या पेढे वाटून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जाहिरात दिलीय, बघतोय, असं डॉक्टर म्हणायचे, आणि ते खरंही असेल. शिकलेल्या मुलींना पुण्याला जायचं होतं, बारामतीत कोण येतंय? तोवर सकाळची ड्यूटी करून दुपारचीही करायची, दुपारची करून रात्रीचीही. माझी मुलं लहान, सासूबाई कटकट करायच्या, त्यामुळे मी नाही म्हणायचे. लीलासिस्टरांचे मालक वारलेले, मुलगी सासरी. तुम्हाला कोण आहे घरी, असं म्हटलं की त्या थांबायच्या. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग कुणी विचारायचंही बंद केलं. सुट्टीचा अर्ज केला की डॉक्टर हात जोडायचे. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

अंग मोडतं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पायाला सूज, चपलांचे पट्टे रुतायचे. डब्यातली भाकरी चावायचासुद्धा कंटाळा यायचा. लीलासिस्टर एसटीत बसल्या बसल्या झोपायच्या आणि निमगाव मागे टाकून इंदापूरला उतरायच्या. कंडक्टर ओळखीचे झाले होते, ते हाक मारून उठवायचे. एकदा मुलगी माहेरी आलेली असताना तिने झोपेतून जागं करून, आई भाजी काय करू, असं विचारलं. तर या म्हणाल्या, “डॉक्टर राउंडला आले की विचारा.” हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

दमलेली नर्स खेकसते, असं लोक म्हणतात. मीही खेकसायचे. पेशंटचे पाहुणे गर्दी करायला लागले की माझी जीभ सुटायची. लीलासिस्टरांचं उलटं झालं. त्या एकदम शिस्तीच्या झाल्या. आवाज चढायचा नाही, औषध चुकायचं नाही, चादरीला सुरकुती नसायची. सगळं काम वेळच्या आत. डॉक्टर आम्हाला म्हणायचे, लीलाकडून शिका जरा. फक्त खाटेपाशी त्यांचं थांबणं बंद झालं होतं. एकदा विचारायच्या, उत्तर घ्यायच्या आणि पुढे जायच्या. ओव्हरही आखूड झाला. “अमकं इंजेक्शन दिलं, तमकं द्यायचं आहे, बाकी सगळे बरे.” गाईचं, सुनेचं त्यातून गेलं. मला ते जाणवत होतं. पण कामात एकही चूक नसलेल्या बाईला तुमचं काहीतरी चुकतंय हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या उन्हाळ्यात पळसदेवची हिराबाई आमच्याकडे आली. उजनी धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारं घर, तिशीच्या आसपासची बाई, गर्भाची पिशवी काढायचं ऑपरेशन. नवरा नामदेव, अबोल माणूस, सारखा दाराशी उकिडवा बसलेला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी राउंडला बघितली तेव्हाही सगळं ठीक होतं. लीलासिस्टर आदल्या रात्रीपासून कामावर होत्या आणि सकाळची ड्यूटीही त्यांनीच उचलली होती. मी दुपारी आले. त्यांनी ओव्हर दिला, हिराबाईच्या खाटेशी आल्यावर म्हणाल्या, “ऑपरेशनची बाई. बरी आहे.” आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

मी सगळ्यांत आधी हिराबाईकडे गेले, त्यात माझी काही हुशारी नव्हती. तिची खाट दारापाशी होती. मी विचारलं, ती म्हणाली बरं हाय. मी नामदेवला म्हटलं, पाणी खाली गेलं का तुमच्याकडचं? तो म्हणाला, लई खाली गेलंय, बुडल्यालं देऊळ उघडं पडलंय, लोक बघाय येत्यात. पुन्हा तिला विचारलं, पुन्हा बरं हाय. मग माझ्या लक्षात आलं, की पंख्याखाली आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि हिराबाईने गळ्यापर्यंत घोंगडी ओढून घेतली होती. मी घोंगडीत हात घातला. पाय गार, तळवे ओलसर. नाडी धावत होती.

“हिरा, खरं सांग बाई.”

“पोट गच्च झालंय,” ती म्हणाली. “आन खांदा दुखतोय, सकाळधरनं.”

ऑपरेशन पोटाचं आणि खांदा दुखतोय, हे ऐकताच मी बीपीचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. आत रक्तस्राव होऊन पोटात साचलं, की खांद्यात कळ येते. पेशंटला त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून तर विचारावं लागतं. सकाळपास्नं दुखतंय तर सिस्टरला का नाही सांगितलंस, असं मी बोलून गेले. तिने डोळे मिटून घेतले.

पुढचं सगळं धावपळीत गेलं. डॉक्टर जेवणाच्या ताटावरून उठून आले. बीपी लागत नव्हतं. नामदेव रक्तपेढीकडे पळाला, त्याच्या मागे वॉर्डमधल्या दुसऱ्या पेशंटचे दोन पाहुणे आपणहून गेले. पुन्हा पोट उघडलं. आत एक टाका सुटला होता. टाका सुटायला कुणाचा इलाज नसतो, डॉक्टरांचाही नाही. पण सकाळी कळलं असतं तर ती अशी काठावर गेली नसती. थिएटरमधून बाहेर आल्यावर डॉक्टर बाकावर बसून राहिले. जगेल का, असं नामदेवने मला विचारलं. मी त्याला पाणी दिलं.

दोन दिवस तिचा भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने उठून बसून चहा मागितला, तेव्हा आमच्या मावशीने, म्हणजे झाडलोट करणाऱ्या बाईने, सगळ्या वॉर्डला साखर वाटली.

पुन्हा पोट उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लीलासिस्टर कामावर आल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. बीपी का बघितलं नाही, विचारलं का नाही. विचारलं होतं सर, बरं हाय म्हणाली, एवढंच त्या बोलल्या. मग म्हणाल्या, “चुकलं.” डॉक्टरांना वाटलं होतं त्या रडतील किंवा भांडतील. त्यांचाच आवाज खाली आला. आणि गंमत बघा, त्या दिवशीही दुपारच्या ड्यूटीला माणूस नव्हतं. लीलासिस्टरच थांबल्या.

हिराबाई पुढे बरेच दिवस आमच्याकडे होती. तिचं सगळं लीलासिस्टर करायच्या. ड्रेसिंग, अंग पुसणं, केस विंचरणं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पण तिच्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. ती काही बोलायला गेली की या ट्रे उचलून निघायच्या. मी एकदा म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कुणीही असतं तर चाललं असतं गं.”

काम सोडल्यावर लीलासिस्टरांनी गावात शिवणयंत्र घेतलं. शेजारपाजारच्यांनी कधी बीपी बघायला सांगितलं, पोराचा ताप बघायला सांगितलं, तर डॉक्टरकडे जावा म्हणायच्या आणि हात लावायच्या नाहीत. मी दोनदा जाऊन आले. त्यांनी मला ब्लाउज शिवून दिला, मापात. दवाखान्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मी पुढे पुष्कळ वर्षं नोकरी केली, माझ्या हाताखाली मुली तयार झाल्या. त्यांना मी तीनदा विचारायला शिकवलं, आणि त्यांना डबल ड्यूट्याही मीच लावल्या, कारण माणसं तेव्हाही नव्हती.

त्यांचा दवाखान्यातला शेवटचा दिवस म्हणजे हिराबाईला घरी सोडलं तो. डिस्चार्जचा कागद आदल्या संध्याकाळीच झाला होता. नामदेव भिगवणच्या गाडीला जागा धरायला स्टँडवर पुढे गेला होता, तिथून पुढे पळसदेव. हिराबाई नवीन लुगडं नेसून, बोचकं बांधून खाटेवर बसली होती. लीलासिस्टर ट्रेमध्ये गोळ्यांच्या पुड्या घेऊन आल्या. सकाळची कुठली, दुपारची कुठली ते समजावून सांगितलं. मग तिथेच उभ्या राहिल्या. मी शेजारच्या खाटेवर सलाइन लावत होते.

“हिरा,” त्या म्हणाल्या, “मी तुला विचारलं होतं. तू मला बरं हाय म्हणालीस. का म्हणालीस?”

हिराबाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“तुमी इचारलं, तवा तुमचं डोळं मिटत हुतं बाई,” ती म्हणाली. “एका हातानं खाटंची दांडी धरली हुती तुमी. मला वाटलं, ही बाईच पडती आता हितं. आन आपुन हिला आनिक काय सांगावं. म्हनलं, दुसरी बाई आली की सांगू. तवर दमानं घेऊ.”

इतके दिवस आम्ही समजत होतो, की बाई लाजली असेल, नाही तर घाबरली असेल. तिला लीलासिस्टरांची दया आली होती, आणि त्या दयेपायी ती सकाळभर पोटात रक्त साठवत गप्प पडून राहिली होती.

लीलासिस्टरांनी ट्रे खाली ठेवला. नर्सने पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं, ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. हिराबाईने बोचकं मांडीवर घेतलं आणि पायथ्याशी सरकून त्यांना उशाकडची जागा करून दिली. “बसा की जरा,” म्हणाली. त्या बसल्या. भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं आता हुंदका येईल. त्यांना झोप लागली होती.

थोड्या वेळाने डॉक्टर राउंडला आले. खाटेवर नर्स झोपलेली बघून त्यांचं तोंड उघडलं. हिराबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “डोळा लागलाय त्यास्नी. पुढच्या खाटंवर जावा.” डॉक्टर तिखट माणूस. क्षणभर उभे राहिले आणि पुढच्या खाटेवर गेले. त्या दिवशी सगळा राउंड त्यांनी हलक्या आवाजात घेतला.

नामदेव घामाघूम होऊन परत आला. गाडी लागलीय, जागा धरलीय, चल लवकर, म्हणाला. हिराबाईने मान हलवली. तो दारात उभा राहून एकदा तिच्याकडे, एकदा झोपलेल्या सिस्टरकडे बघत राहिला आणि मग उकिडवा बसला. भिगवणची गाडी गेली. मी दुसऱ्या पेशंटचं करून परत आले तेव्हाही हिराबाई तशीच होती, खाटेच्या कडेला, बोचकं मांडीवर, आणि झोपेत सिस्टर कलंडू नयेत म्हणून एक हात त्यांच्या पाठीशी धरलेला.